त्स्वेंटेनडोर्फ : कधीच न पेटलेल्या भट्टीचं गाव

डोनाऊकाठ

ऑस्ट्रियातल्या टुल्नमध्ये राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. इथून डॅन्यूबच्या काठाने सायकल काढून नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला निघालं की तासाभरात झाडांमागून एक राखाडी चौकोनी इमारत आणि तिची चिमणी डोकं वर काढते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते साखर कारखान्याचं गोदाम वाटलं होतं. सोबतची मैत्रीण म्हणाली, "ते आमचं अणुवीज केंद्र. पूर्ण बांधलं, इंधन आणून ठेवलं आणि चालूच केलं नाही."

गेल्या महिन्यात अखेर आत जाऊन आले. तेव्हापासून हे गाव डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आधी भूगोल. व्हिएन्नाच्या पश्चिमेला व्हिएन्नाच्या रानाचे डोंगर आहेत. ते ओलांडले की डॅन्यूबच्या दक्षिण तीरावर एकदम सपाट, काळ्या मातीचा पट्टा लागतो. त्याला टुल्नरफेल्ड म्हणतात. बीट, मका, गहू, बटाटा. त्यातलंच त्स्वेंटेनडोर्फ, साधारण 4,000 वस्तीचं. मुख्य गावाभोवती डुर्नरोर, पिशेल्सडोर्फ, एरपर्सडोर्फ, मारिया पोनझे अशा वाड्या आहेत आणि सगळ्यांचा कारभार एकत्र चालतो. गावात अठराव्या शतकातला अल्टान घराण्याचा वाडा आहे, चर्च आहे, नदीकाठी बसायला बाकं आहेत. एवढंच असतं तर या गावाचं नाव ऑस्ट्रियाबाहेर कुणाला कळलंही नसतं.

भट्टीसाठी हीच जागा का निवडली, ते तिथे उभं राहिलं की कळतं. थंड करायला बारमाही नदीचं पाणी, बांधकामाला सपाट जमीन, आणि विजेची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक असलेली राजधानी हाकेच्या अंतरावर. 1972 साली काम सुरू झालं. 692 मेगावॅटची एक भट्टी. पुढे अशा आणखी बांधायचा बेत होता.

मग विरोध वाढत गेला. 1977 च्या जूनमध्ये काही हजार लोक मोर्चाने या गावात आले. राजधानी नदीच्या खालच्या अंगाला आणि वाराही बहुतेक वेळा पश्चिमेचा. काही बिघडलं तर सगळं व्हिएन्नाकडेच जाणार, हे कुणालाही कळत होतं. कचरा कुठे पुरायचा याचं उत्तर सरकारकडे नव्हतं. वाल्डफिअर्टेल भागात जागा शोधायला गेले तर तिथली गावं उठली. शेवटी चॅन्सलर ब्रुनो क्राइस्की यांनी प्रश्न जनतेपुढे ठेवला. 5 नोव्हेंबर 1978 ला सार्वमत झालं, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रियातलं पहिलंच. 32 लाखांच्या आसपास मतं पडली आणि "नको" म्हणणारे जिंकले ते 30,000 पेक्षाही कमी मतांनी. डिसेंबरात कायदाच झाला की या देशात अणुविभाजनातून वीज करायची नाही. 1999 मध्ये तो संविधानाच्या पातळीवर गेला.

आत मी काय पाहिलं ते सांगते. नियंत्रण कक्षात हिरवट-राखाडी फळ्यांवर शेकडो बटणं, प्रत्येकाखाली नीट छापलेली जर्मन पट्टी. कपडे बदलायची खोली. जिन्यांवर जिने, जाडजूड पोलादी दारं. आणि मग भट्टीच्या खाली. डोक्यावर नियंत्रक सळ्यांच्या, म्हणजे भट्टीतली अणुक्रिया आवरणाऱ्या सळ्यांच्या, नळ्या रांगेने लटकलेल्या. मार्गदर्शक म्हणाला की भट्टी एक दिवस जरी चालली असती, तरी तुम्ही इथे उभे राहू शकला नसतात. मी हात वर करून एका नळीला बोट लावलं. गार होती.

मला हे गाव म्हणजे एका इमारतीची गोष्ट वाटत नाही. सगळ्या देशाने एका गावाबद्दल मत दिलं, त्यानंतर ते गाव पन्नास वर्षं कसं जगलं, याबद्दल मला बोलायचं आहे. इथल्या कुणाला माहिती असेल तर लिहा.

कृष्णाकाठचा

ताई, सुंदर लिहिलंय. मूलभूत शंका. याला बाजारगाव म्हणतात असं वाचलं. म्हणजे आपल्याकडची नगरपालिका की ग्रामपंचायत?

डोनाऊकाठ

आपल्या जुन्या कागदांत गावाच्या नावामागे "मौजे" किंवा "कसबे" लिहायचे ना, ते डोळ्यांपुढे आणा. कसबा म्हणजे बाजार भरवायचा मान असलेलं मोठं गाव. इथेही मध्ययुगात राजा किंवा जमीनदार एखाद्या गावाला बाजाराचा हक्क द्यायचा. आठवड्याचा बाजार, जकात, कधी स्वतःचं छोटं न्यायालय. खेडं आणि शहर यांच्या मधली पायरी.

आज तो फक्त मान उरला आहे. राज्य तो देतं, त्याने जादा अधिकार किंवा जादा निधी मिळत नाही. लोअर ऑस्ट्रियात, म्हणजे आमच्या राज्यात, 573 पालिका आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बाजारगावं आहेत. कारभार तोच : दर पाच वर्षांनी लोक गावसभेचे सदस्य निवडतात, गेल्या वेळची निवडणूक 26 जानेवारी 2025 ला झाली. मग ते सदस्य आपल्यातून गावप्रमुख निवडतात. शेजारच्या अप्पर ऑस्ट्रिया राज्यात, म्हणजे लिंत्सकडे, गावप्रमुख थेट लोक निवडतात. इथे तसं नाही.

मतदानाचा हक्क ऑस्ट्रियन आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना. मला नाही. अकरा वर्षं कर भरते, शाळेच्या पालकसभेला जाते, पण गावाच्या निवडणुकीत फक्त भिंतीवरची पत्रकं वाचते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुना_तारापूरकर

मी तारापूरला नोकरी केली, आता निवृत्त आहे. हा धागा वाचून रात्री उशिरापर्यंत जागा राहिलो.

त्स्वेंटेनडोर्फची भट्टी आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या एकाच कुळातल्या, उकळत्या पाण्याच्या. तारापूर 1969 मध्ये सुरू झालं, अमेरिकन बनावटीचं. तिथली भट्टी जर्मन बनावटीची आणि आकाराने बरीच मोठी. तत्त्व एकच : भट्टीच्या भांड्यातच पाण्याची वाफ होते आणि तीच थेट टर्बाइनवर जाते. मध्ये दुसरं पाणी नसतं. म्हणून या प्रकारात टर्बाइनचा भागही चालू असताना किरणोत्सारी होतो. आणि वाफ वेगळी करायची यंत्रणा भांड्याच्या वरच्या भागात असल्याने नियंत्रक सळ्या खालून वर सरकतात. धागाकर्तीने ज्या नळ्यांना बोट लावलं त्या याच.

आयुष्यभर ज्या यंत्राच्या सोबतीने काम केलं, त्याचं पोट आतून असं हाताने चाचपून बघता येईल अशी जागा जगात आहे, हे मला माहीत होतं, पण त्या वर्णनाने अंगावर काटा आला. आमच्याकडे त्या खोलीत जायचं तर मिनिटं मोजून जायचं.

आणखी एक. ही भट्टी वाया गेली असं सरसकट म्हणू नये. जर्मनीत ब्रुन्सब्युटल, फिलिप्सबुर्ग आणि इसार इथे याच आराखड्याच्या भट्ट्या होत्या. त्स्वेंटेनडोर्फचे सुटे भाग त्यांनी नेले. तिथले तंत्रज्ञ सरावाला इथे यायचे, कारण खऱ्या मापाची, खऱ्या धातूची आणि किरणोत्सार नसलेली दुसरी जागाच नव्हती. 2011 मध्ये फुकुशिमानंतर त्या जर्मन भट्ट्यांचं पर्व संपलं. न पेटलेली बहीण अजून उभी आहे.

रानवारा

तारापूरकर काका, तुमच्या प्रतिसादासाठी वेगळा धागा काढा अशी विनंती.

लिंत्सकर

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. 1978 चा निकाल चूक होता.

वीज लागणारच होती. मग केलं काय? त्याच गावाच्या हद्दीत, डुर्नरोरला, कोळशाचं वीज केंद्र बांधलं. 1980 च्या दशकात ते सुरू झालं आणि 2019 च्या उन्हाळ्यात त्यात शेवटचा कोळसा जळला. त्याची चिमणी 210 मीटर आहे, भट्टीच्या चिमणीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे तीस वर्षं याच वाड्यांवर धूर गेला. आणि सीमेपलीकडे, इथून शंभर किलोमीटरच्या आत, चेक लोकांचं दुकोव्हानी 1985 पासून चालू आहे. अपघाताची भीती होती ती तशीच राहिली, वीज मात्र गेली.

शिवाय ते सार्वमत खरोखर अणुऊर्जेवर झालं का? केंद्राचा बेत पीपल्स पार्टीच्या सरकारच्या काळातला. 1978 ला तीच पार्टी विरोधात बसली होती आणि सुरक्षेचं कारण देऊन "नको" म्हणाली. क्राइस्कींनी बोलताना सुचवलं की हरलो तर राजीनामा देईन. झालं, अणुऊर्जेशी काही देणंघेणं नसलेल्यांनीही त्यांना घालवायला "नको" वर खूण केली. कामगार संघटना आणि उद्योगपती, एरवी एकमेकांच्या विरोधात असणारे, दोघंही "हवं" च्या बाजूला होते. क्राइस्की गेलेच नाहीत. पुढच्या मे महिन्यात, 1979 ला, त्यांनी आयुष्यातला सर्वात मोठा विजय मिळवला. लोकांना क्राइस्की हवेच होते. मग कशावर मत दिलं होतं त्यांनी?

आल्पसमधली_माहेरवाशीण

मी पार पश्चिमेच्या टोकाला, फोरार्लबेर्गमध्ये राहते. तिथे 84 टक्के लोकांनी "नको" म्हटलं होतं. त्स्वेंटेनडोर्फ इथून पाचशेहून अधिक किलोमीटर लांब आहे, तरीही.

कारण असं की आमच्या सीमेला लागून, ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, रूटी या स्वित्झर्लंडमधल्या गावी अणुकेंद्र बांधायचा घाट होता. इथले लोक त्याविरुद्ध आधीपासून लढत होते. म्हणून सार्वमत आलं तेव्हा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या घरमालकीण आजी तेव्हा तरुण आई होत्या. त्या म्हणतात, "मला क्राइस्की आवडायचा. मी नेहमी त्यालाच मत द्यायचे. त्या दिवशी मात्र नाही दिलं." लिंत्सकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या वाक्यात सापडतं. लोकांना दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. नोव्हेंबरात भट्टीवर मत दिलं, मेमध्ये क्राइस्कींवर.

लिंत्सकर

आजींचं म्हणणं मान्य. तसे लोक असणारच. पण फरक तीस हजारांचाही नव्हता, म्हणून राजकारणाने निकाल फिरला असं मला अजूनही वाटतं. कोळशाचा मुद्दा उरतोच.

डोनाऊकाठ

कोळशाचा मुद्दा मी नाकारत नाही. डुर्नरोरच्या धुराबद्दल इथले म्हातारे लोक आजही बोलतात. पण गणितात एक गोष्ट राहून गेली. ऑस्ट्रियाची बहुतांश वीज पाण्यावर होते आणि त्यातलं एक मोठं धरण, अल्टनव्योर्थ, याच गावाच्या जरा वर आहे. 328 मेगावॅट. ते 1976 मध्ये पूर्ण झालं, म्हणजे भट्टी बांधली जात होती त्याच काळात. एकाच नदीच्या एवढ्याशा तुकड्यावर पाणी, अणू आणि कोळसा तिन्ही.

आणि "नको" म्हणायला शिकलेली माणसं तिथेच थांबली नाहीत. 1984 च्या डिसेंबरात व्हिएन्नाच्या खालच्या अंगाला हाइनबुर्गला धरण होणार होतं, तेव्हा लोक कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या रानात जाऊन बसले. धरण झालं नाही. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. त्स्वेंटेनडोर्फ नसतं तर हाइनबुर्गचं आंदोलन झालं असतं, असं मला वाटत नाही.

गावाच्या बाजूने एक बाब मात्र तुम्हाला पटेल. इथे प्रत्येक मालक आपल्या पगारखर्चाच्या 3 टक्के रक्कम थेट गावाच्या तिजोरीत भरतो. त्यामुळे कारखाना कुठल्या वेशीत बसतो याला फार महत्त्व. डुर्नरोरला कचरा जाळून वाफ आणि वीज करणारा मोठा प्रकल्प आहे, पिशेल्सडोर्फला गव्हापासून स्टार्च आणि इथेनॉल होतं. चार हजारांच्या गावाला एवढा उद्योग का, असं बाहेरच्याला वाटतं. अणुभट्टीसाठी म्हणून ज्या विजेच्या तारा या बाजूला वळल्या, त्यांच्यामागून यातलं बरंच आलं असं मला वाटतं. भट्टीने वीज दिली नाही, पण गावाला एका वळणावर नेऊन ठेवलं.

शिलालेख

अणुभट्टीच्या गडबडीत गावाचा खरा जुना वारसा मागे पडू नये म्हणून लिहितो.

इथे रोमन किल्ला होता. डॅन्यूब ही साम्राज्याची हद्द, अलीकडे नोरिकुम प्रांत, पलीकडे मार्कोमानी आणि इतर जर्मन टोळ्या. या काठावर ठरावीक अंतरावर छावण्या होत्या आणि त्यातली एक त्स्वेंटेनडोर्फला, पहिल्या शतकाच्या शेवटाला आधी माती-लाकडाची, मग दगडी. चौथ्या शतकात कोपऱ्यांना पंख्याच्या आकाराचे बुरूज बांधले. 2021 मध्ये युनेस्कोने डॅन्यूबची रोमन सीमा जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात मिळून जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात हा किल्लाही आहे.

त्याचं वेगळेपण हे की त्यावर नंतर गाव वसलं नाही. टुल्न, व्हिएन्ना, ट्राइसमाउअर इथले किल्ले घरांखाली गाडले गेले. हा शेताखाली राहिला. मध्ययुगात लोकांनी त्याच्या भिंतींच्या आत आपले मृत पुरले. उत्तरेकडचा बराच भाग मात्र डॅन्यूबने कापून नेला. वरून पाहिलं तर माहिती नसलेला माणूस पुढे निघून जाईल.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. पाचव्या शतकात सेव्हेरिनुस नावाचा साधू या भागात आला. युगिप्पिउसने 511 साली त्याचं चरित्र लिहिलं, त्याची सुरुवातच आस्तुरिस नावाच्या गावात होते. सेव्हेरिनुस तिथल्या लोकांना सांगतो की शत्रू जवळ आलाय, सावध व्हा. कुणी ऐकत नाही. तो शेजारच्या कोमागेनिसला, म्हणजे आजच्या टुल्नला निघून जातो आणि मागे आस्तुरिस उद्ध्वस्त होतं. बरेच अभ्यासक आस्तुरिस म्हणजे त्स्वेंटेनडोर्फ मानतात, काही जण दुसरी जागा सांगतात. मला ते त्स्वेंटेनडोर्फच असावं असं वाटतं, कारण टुल्नपासूनचं अंतर आणि दिशा गोष्टीशी जुळतात.

डोनाऊकाठ

शिलालेख, मी त्या शेतावरून दहा-बारा वेळा तरी सायकल नेली असेल. एकदाही थांबले नाही. पुढच्या वेळी थांबते.

पर्शलिंगपार

मी सांक्ट प्योल्टनला असतो. वारशाबद्दल बोलताय तर पाण्याबद्दलही बोला.

सप्टेंबर 2024 चा पूर. 14 तारखेपासून पाऊस थांबेना, 15 ला सगळं लोअर ऑस्ट्रिया आपत्तीग्रस्त जाहीर झालं. सगळ्यांची नजर डॅन्यूबवर होती. पण टुल्नरफेल्डला बुडवलं ते दक्षिणेकडून येणाऱ्या छोट्या नद्यांनी. पर्शलिंग एरवी उडी मारून ओलांडावी असं वाटणारी नदी. तिचे बांध फुटले आणि पाणी सपाट शेतांतून पसरत त्स्वेंटेनडोर्फच्या वाड्यांत शिरलं. सपाट जमिनीचा हा दुसरा गुण : पाणी येतं आणि जायला वाट नसते. व्हिएन्ना ते सांक्ट प्योल्टन जलद रेल्वेमार्गावरच्या बोगद्यात पाणी गेलं आणि तो मार्ग 15 डिसेंबरपर्यंत बंद राहिला. मी रोज त्याच गाडीने जायचो.

मी स्वयंसेवक अग्निशमन दलाबरोबर वाळूच्या गोण्या भरायला गेलो होतो. इथे गावोगावी हे दल असतं आणि बिनपगारी असतं. शेतकरी, शिक्षक, गाड्या दुरुस्त करणारा, सगळे. माझ्या बाजूला एक साठीतले गृहस्थ होते. त्यांनी तरुणपणी भट्टीच्या बांधकामावर काम केलं होतं. गोणीचं तोंड बांधता बांधता म्हणाले, "आम्ही ती भिंत इतकी जाड ओतली की काही आत यायला नको आणि काही बाहेर जायला नको. आणि पाणी आलं ते माझ्या तळघरात, मागच्या दारातून." पुढे काही बोलले नाहीत. दुसरी गोणी उचलली.

मुंबईचा_वास्तुकार

प्रश्न थेट विचारतो. ती इमारत पाडत का नाहीत? एवढी जागा, नदीकाठची.

जुना_तारापूरकर

किरणोत्सार नाही, त्यामुळे पाडायला अडचण तांत्रिक नाही. पण भट्टीभोवतालचं काँक्रीट एवढ्यासाठीच ओतलेलं असतं की ते फुटू नये. खर्च प्रचंड येईल.

डोनाऊकाठ

खर्च आहेच. पण मला विचाराल तर पाडूच नये.

सार्वमतानंतर काही वर्षं ती "उद्या निर्णय बदलला तर" म्हणून कर्मचारी ठेवून जपली. सगळं मिळून खर्च 14 अब्ज शिलिंगच्या (युरोआधीचं इथलं चलन) घरात गेला. 1985 च्या मार्चमध्ये संसदेत बंदी उठवायचा प्रयत्न फसला, मग विकायला काढली. पुढच्याच वर्षी चेर्नोबिल झालं आणि तो विषय कायमचा मिटला. 2005 मध्ये राज्याच्या वीज कंपनीने ती घेतली, 2009 पासून आवारात सौर पॅनेल आहेत. म्हणजे शेवटी तिथून वीज तारेत गेलीच, थोडी का होईना.

शिलालेख यांनी सांगितलेला किल्ला शेताखाली आहे म्हणून वाचला. ही इमारत वापरलीच नाही म्हणून वाचली. एका किल्ल्याला युनेस्कोची पाटी मिळाली. दुसऱ्यालाही संरक्षित वास्तू म्हणून जपायला हवं असं माझं ठाम मत आहे. 1970 च्या दशकात माणसांना भविष्य कसं दिसत होतं, ते तिथे खिळ्या-बटणांसकट शाबूत आहे आणि शाळेतली मुलं त्यातून चालत जाऊ शकतात. माझी मुलगी वर्गासोबत जाऊन आली. घरी येऊन तिने विचारलं, "आई, तू असतीस तर कशाला मत दिलं असतंस?" तिला मी म्हटलं की तेव्हा मी जन्मले नव्हते. मग तिने विचारलं, "आणि आता विचारलं तर?" मी म्हटलं, आपल्याला विचारणार नाहीत. ती अठरा वर्षांची होईल तेव्हा तिला विचारतील, कदाचित, जर तोवर तिने इथलं नागरिकत्व घेतलं तर. इथे सोळाव्या वर्षापासून मत देता येतं हे तिनेच मला सांगितलं.

कृष्णाकाठचा

जूनमध्ये व्हिएन्नाला येतोय. आत जायचं असेल तर काय करावं लागतं?

डोनाऊकाठ

आधी नोंदणी करावी लागते आणि गर्दी बरीच असते, त्यामुळे तारीख ठरली की लगेच करा. जिने खूप आहेत, बूट चांगले घाला. टुल्नपर्यंत आगगाडीने या, तिथून माझ्याकडे दोन सायकली आहेत. जाताना किल्ल्याच्या शेतापाशी थांबू.